चार सूत सोडून

पडदा लावायला किती वेळ लागतो, असा प्रश्न मिलिमीटररावांना कुणी विचारू नये. विचारलाच तर ते आधी ‘कसला पडदा?’ म्हणतात, मग ‘कशावर?’ म्हणतात, आणि त्यानंतर इतका वेळ गप्प बसतात की विचारणारा चहा संपवून, कप आत नेऊन ठेवून, निघून जातो.

मिलिमीटरराव हे अर्थात त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘अंदाजे’ या शब्दांचा त्यांना मनस्वी तिटकारा. बायकोने ‘जरा सरकता का?’ म्हटलं की ते सोफ्यावरून हलण्याआधी ‘किती?’ असं विचारत. नाव कारखान्यात पडलं, तिथून घरी आलं, आणि आता सोसायटीचा रखवालदारही त्याच नावाने सलाम ठोकत असे. मनातून त्यांना ते आवडायचं, ही गोष्ट वेगळी.

तर पडदा. त्यांच्या हॉलच्या खिडकीला इतकी वर्षं पडदा नव्हता, कारण समोर मोकळं मैदान होतं आणि मैदान कुणाच्या घरात डोकावत नाही. मग मैदानावर इमारत उभी राहिली. नुसती उभी राहती तरी चाललं असतं, पण ती इतकी जवळ उभी राहिली की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई यांच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघू लागली. एकदा तर ‘काका, तुमचं घड्याळ मागे पडलंय!’ असं तिने ओरडून सांगितलं. घड्याळ खरोखरच मागे पडलेलं होतं, त्यामुळे मिलिमीटररावांना राग गिळावा लागला.

आणि नेमक्या याच सुमारास काकू नाचू लागल्या. काकू म्हणजे मिलिमीटररावांची बायको.

काकूंच्या शाळेतल्या मैत्रिणींचा मेळावा ठरला होता. त्यात पाचजणी मिळून नाच करणार होत्या, आणि त्यांच्यातली जी शाळेत वर्गाची मॉनिटर होती, आणि आजही मॉनिटरच होती असं तिच्याशी दोन मिनिटं बोलल्यावर कळायचं, तिने काकूंना पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं होतं. शाळेत काकू फार सुरेख नाचायच्या म्हणे. पुढे नोकरी, घर, मुलीचं शिक्षण, या सगळ्या धावपळीत पाय फक्त चालण्यापुरतेच राहिले. आता ते पुन्हा जागे व्हायला लागले होते. सराव करायचा तर हॉलशिवाय जागा नव्हती. आतल्या खोलीत पलंग होता, आणि पलंगाने सोडलेल्या जागेत नाचायचं झालं तर नुसत्या मानेने नाचावं लागलं असतं.

पहिल्याच दिवशी काकूंनी हॉलमध्ये गाणं लावलं आणि उजवा हात डौलात वर नेला. समोरच्या बाईला वाटलं, आपल्याला हाक मारतायत. तिनेही हात वर केला. काकूंनी गाणं बंद केलं.

“खिडकीला पडदा लागल्याशिवाय मी बोटसुद्धा हलवणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि सराव झाला नाही तर मॉनिटरला सांगून सरळ मागच्या रांगेत जाते. नाहीतर नाचतच नाही. या वयात हसं करून घ्यायची हौस नाही मला.”

शेवटचं वाक्य त्या ज्या आवाजात बोलल्या, तो मिलिमीटररावांना मुळीच आवडला नाही. गेले काही दिवस काकू भांडी पुसताना ठेका धरत होत्या, कप ठेवायला जाता जाता अर्धी गिरकी घेत होत्या, आणि ते बघून त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्यांनी ते कुणाला, अगदी काकूंनाही, सांगितलं नव्हतं.

“महिनाअखेरच्या शनिवारी सगळ्यांची तालीम आपल्याकडेच ठेव,” ते म्हणाले. “पडदा लागलेला असेल.”

“तोवर चादर लावूया का?” काकूंनी साधेपणाने विचारलं.

“चादर? ड्राफ्ट्समनच्या खिडकीला चादर?”

काकूंनी त्या विषयावर पडदा टाकला. पुढचे बरेच दिवस त्या घरात टाकला गेलेला तो एकमेव पडदा.

पडद्याच्या सामानाच्या दुकानात मिलिमीटररावांनी सगळे प्रकार पाहिले. पहिली कडी त्यांनी रॉडवर सरकवली, तर तिच्या आवाजाने दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून पलीकडच्या दुकानात गेलं. दुसऱ्या प्रकारात कापडाला भोकं पाडावी लागत होती. तिसऱ्यात हूक शिवावे लागत होते, म्हणजे पडदा धुवायचा तर आधी उसवायचा. “इतक्या वर्षांत माणसाला साधी पडद्याची कडी धड करता आली नाही?” असं ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले. दुकानदार म्हणाला, “लोक हेच नेतात, साहेब.” हे वाक्य मिलिमीटररावांनी मनाला लावून घेतलं. एक इंची रॉड आणि दोन ब्रॅकेट तेवढे घेऊन ते घरी आले, जेवणाचं टेबल पुसलं, आणि त्यावर ड्रॉइंगचा कागद पसरला.

त्या टेबलावर सरकडीचा जन्म झाला. सरकती कडी, म्हणून सरकडी. वर गोल, रॉडवरून आवाज न करता सरकणारी. खाली एक जबडा. कापडाची कड जबड्यात द्यायची, चाप दाबायचा, संपलं. भोक नाही, शिवण नाही. समोरून, बाजूने, वरून आणि मधोमध कापून, असे तिचे चार देखावे त्यांनी काढले, आणि कोपऱ्यात टीप लिहिली: ‘सर्व कडा गोलसर.’ जन्मभर त्यांनी पंपांचे सुटे भाग काढले होते, पण ते पंप कुणाच्या तरी विहिरीत उतरायचे. स्वतःच्या घरात लागेल अशी ही पहिली वस्तू. काकूंनी कागद नीट पाहिला, छान आहे म्हणाल्या, आणि जेवायला कुठे बसायचं ते विचारलं.

शेजारच्या गृहस्थांना सोसायटीत सल्लागार म्हणत. त्यांनी स्वतः हयातीत एक खिळा ठोकला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत कुठल्याही अनुभवाने बाटलेलं नसायचं.

“जबड्याला दात पाहिजेत,” सल्लागार म्हणाले.

“दातांनी कापड फाटेल.”

“मग दात नकोत. हिरड्या ठेवा.”

मिलिमीटररावांनी त्यांना दार दाखवलं. पण दार लावून परत येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की जबड्याला आतून रबराचं अस्तर दिलं तर कापड घट्ट बसेल आणि फाटणारही नाही. म्हणजे हिरड्याच. त्यांनी ती सुधारणा केली आणि सल्लागारांना अजून सांगितलेली नाही.

मागच्या गल्लीत एक लेथवाला होता. त्याने ड्रॉइंग उलगडलं, चार कोपऱ्यांवर चार बोल्ट ठेवले आणि मधोमध चहाचा ग्लास.

“काका, इथे मिलिमीटर चालत नाही. सुतात बोला. एका इंचाचे आठ सूत.”

“कागदावर आहे तसंच कर,” मिलिमीटरराव ग्लास उचलत म्हणाले. “एक केस इकडेतिकडे नको.”

कड्या तशाच झाल्या. एक केस इकडेतिकडे नाही. इतक्या देखण्या की काकूंनी एक बोटात घालून पाहिली. फक्त रॉडवर चढेनात. मिलिमीटररावांनी रॉड पंचवीस मिलिमीटरचा धरला होता आणि कडीला त्याहून केसभर जास्त जागा दिली होती. पण दुकानातला रॉड एक इंची, आणि इंच पंचवीस मिलिमीटरपेक्षा थोडासा जास्त भरतो. ‘थोडासा’! ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्याने घरात आडवा पडलेला रॉड मोजलाच नव्हता. एक कडी त्यांनी हातोडीने चढवून पाहिली. ती चढली, आणि आजही तिथेच आहे. काकू हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि तिथे जाऊन हसल्या.

“रॉड आठ सूत, कडी आठ सूत, जाणार कशी?” लेथवाला म्हणाला. “नऊ सूत पाहिजे.”

“मग आधी का नाही बोललास?”

“तुम्हीच म्हणालात, कागदावर आहे तसंच कर.”

नऊ सुताच्या कड्या आल्या आणि रॉडवरून अशा सरकल्या की मिलिमीटरराव त्या नुसत्याच इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवत बसले. त्या दिवसापासून त्यांना सुताचं वेड लागलं. नवी सायकल शिकलेला मुलगा कोपऱ्यावर जायलाही सायकल काढतो, तसं त्यांचं झालं. “चहा दोन सूत कमी भर” असं ते काकूंना म्हणू लागले. कारखान्यात एका तरुण इंजिनिअरला त्यांनी सूत म्हणजे काय हे जेवणाच्या सुट्टीभर समजावलं, आणि त्याचं जेवण राहिलं.

आता ब्रॅकेटसाठी भिंतीला भोकं पाडायची होती. मिलिमीटररावांनी नियमाप्रमाणे सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं. ही चूक त्यांच्यासारखा सज्जनच करू शकतो.

“खिडकीची भिंत म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग,” सेक्रेटरी म्हणाले. “त्यात बदल करायचा तर कमिटी बसावी लागते.”

“भोक आतून पाडणार आहे मी.”

“भिंत तर तीच ना?”

“पण ते बाहेर येणार नाही.”

“हे भोकाला कोण सांगणार?”

कमिटी बसली. बराच खल होऊन असं ठरलं, की भिंतीची आतली बाजू राहणाऱ्याची आणि बाहेरची सोसायटीची, तेव्हा भोक दोन बोटांपेक्षा खोल जाता कामा नये.

“कुणाची बोटं?” मिलिमीटररावांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. कमिटी पुन्हा बसली. सेक्रेटरींची बोटं प्रमाण मानावीत, असा निर्णय झाला. सेक्रेटरींची बोटं पेन्सिलीसारखी बारीक होती. ते स्वतः घरी आले, ड्रिलच्या टोकावर त्यांनी दोन बोटं आडवी धरली, आणि मिलिमीटररावांनी तिथे चिकटपट्टीची खूण केली. एवढ्या उथळ भोकात स्क्रू म्हणजे नुसता पाहुण्यासारखा टेकणार, हे त्यांना दिसत होतं. पण माप ठरवायला बसलेली कमिटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती आणि त्यांचं मन आदराने भरून आलं होतं. त्यांनी खुणेबरहुकूम भोकं पाडली.

उरला शिंपी. काकूंनी निळं, चांगलं जाड कापड निवडलं होतं. ते घेऊन मिलिमीटरराव ऐटीत दुकानात शिरले. त्यांना एवढंच हवं होतं, की वरच्या शिवणीच्या वर अर्धा इंच साधं कापड मोकळं राहावं, म्हणजे सरकडीच्या जबड्याला धरायला जागा होईल. हे ते असंच बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अर्धा इंच म्हणजे चार सूत, आणि आता ते सुतात बोलणारे गृहस्थ होते.

“वरच्या शिवणीच्या वर चार सूत सोडा,” ते म्हणाले.

“सूत सोडू?” शिंप्याने विचारलं.

“चार. विसरू नका. सगळा पडदा त्या चार सुतांवर लटकणार आहे.”

शिंप्याने हातातलं कापड तोलून पाहिलं. “एवढा जड पडदा? चार सुतांवर?”

“पुरतात चार. मी हिशेब केलाय.”

शिंप्याने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. शनिवारी दुपारी पडदा देतो म्हणाला आणि शब्दाला जागला.

शनिवारी दुपारी काकूंनी पुडकं सोडलं. शिलाई अप्रतिम होती. वरची पट्टी जाडजूड, पुठ्ठ्यासारखी ताठ. आणि त्या पट्टीतून, सारख्या अंतरावर, चांगले हातहातभर लांब, चार दोरे लोंबत होते.

मिलिमीटररावांनी शिंप्याला फोन लावला.

“सोडलेत ना चार सूत?” शिंपी अभिमानाने म्हणाला. “माझं मन धजेना, म्हणून तिहेरी पीळ घातलाय. आणि ओढ बसून कापड फाटू नये म्हणून वर कॅनव्हास घालून पट्टीही जाड केलीय. त्याचं वेगळं काही लावलं नाही.”

एवढ्या आपुलकीने केलेल्या कामावर माणूस ओरडणार तरी काय? मिलिमीटररावांनी आभार मानले आणि फोन ठेवला. सरकडीचा जबडा साध्या कापडासाठी काढलेला होता. कॅनव्हासची पट्टी त्यात काही केल्या शिरेना. हिरड्या असलेला जबडा आणि समोर दगडासारखी भाकरी, असा तो प्रसंग होता.

मैत्रिणी यायची वेळ झाली होती. काकूंनी पडद्याकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं, समोर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

“जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मी मॉनिटरला सांगते आल्यावर. मागच्या रांगेतच बरं माझं.”

पुन्हा तोच आवाज. मिलिमीटररावांनी स्टूल ओढलं, वर चढले, आणि ज्या सरकडीला भोक नको होतं, शिवण नको होती, तिच्यात एकेक दोरा ओवून निमूटपणे गाठ मारायला लागले. चार दोरे, चार गाठी. ड्रॉइंगमध्ये गाठीचा देखावा कुठेच नव्हता. पण पडदा लटकला. काकूंनी त्याला हात लावला आणि तो मुकाट्याने, जराही आवाज न करता, खिडकीभर पसरला.

“अय्या,” काकू म्हणाल्या. मिलिमीटररावांना त्या एका शब्दात सगळं भरून पावलं.

तेवढ्यात मैत्रिणी आल्या. मॉनिटरने सोफा कुठे सरकवायचा, टेबल कुठे न्यायचं, हे चपला काढता काढताच सांगितलं.

“भावोजी, तुम्ही बघायचं नाही हं! मेळाव्यातच बघायचं.”

“मी पडद्यामागे थांबतो,” मिलिमीटरराव म्हणाले. “आतली सावली बाहेर दिसते का, ते तपासायला हवं.” आणि ते पडदा आणि खिडकी यांच्यामधल्या बोळात, स्टुलाला खेटून, उभे राहिले.

गाणं सुरू झालं. दहा पाय एकदम जमिनीवर आपटले. खिडकीची तावदानं थरथरली. दुसऱ्यांदा पाय आपटले तेव्हा मिलिमीटररावांच्या डोक्यावर काहीतरी भुरभुरलं. त्यांनी वर पाहिलं. उजवा ब्रॅकेट भिंतीतून बाहेर येत होता, दोन बोटांच्या भोकातून जितक्या सहज यावं तितक्या सहज. ते टुणकन स्टुलावर चढले. ब्रॅकेट त्यांच्या पायाशी पडला आणि रॉडचं टोक त्यांच्या दोन्ही हातांत आलं.

पडदा तसूभर हलला नाही. आतल्या कुणालाच काही कळलं नाही. आत काकू नाचत होत्या. पाच जणींच्या पायांच्या आवाजातून काकूंचे पाय मिलिमीटररावांना वेगळे ओळखू येत होते. मध्येच कुणीतरी चुकलं आणि सगळ्या खळखळून हसल्या, आणि त्या हसण्यात काकूंचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. मिलिमीटररावांचे खांदे भरून आले, पण त्यांना त्या क्षणी जगात दुसरीकडे कुठेही असावंसं वाटलं नसतं.

अडचण एवढीच होती, की त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. समोरच्या गॅलरीतल्या बाईला, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखे दोन्ही हात वर करून स्टुलावर उभे असलेले, केसांत चुना पडलेले मिलिमीटरराव दिसत होते. तिने नवऱ्याला बोलावलं. वरच्या मजल्यावरून आणखी दोन डोकी डोकावली. मिलिमीटररावांनी, आपण हे रोजच करतो अशा चेहऱ्याने, हसून दाखवलं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. शेवटी समोरच्या बाईला राहवेना. ती कठड्यावर वाकली आणि खणखणीत आवाजात ओरडली,

“काका, बाजूला व्हा ना जरा! एवढं छान गाणं चाललंय, आणि आम्हाला नुसते तुम्हीच दिसताय!”

आत गाणं थांबलं. सरकडी आवाज न करता सरकली आणि पडद्याच्या बाजूने काकूंचा घामेजलेला, लाल झालेला चेहरा डोकावला.

“अहो! हे काय? कधीपासून उभे आहात असे?”

“पहिल्या कडव्यापासून.”

“आणि हाक नाही मारलीत?”

“तू नाचत होतीस,” मिलिमीटरराव म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी समोर पाहिलं. गॅलरीत आता कपड्यांपेक्षा माणसं जास्त होती. मिलिमीटररावांनी चटकन रॉड आणखी उंच धरला, म्हणजे काकूंना आत जाऊन पडदा ओढून घेता यावा. पण काकू हसायला लागल्या होत्या.

“उतरा खाली,” त्या म्हणाल्या. “आणा तो रॉड इकडे.”

“आणि पडदा?”

“ठेवा गुंडाळून कोपऱ्यात. बघू दे त्यांना बघायचं तर.”

मिलिमीटरराव स्टुलावरून उतरले. पडद्यासकट सगळं लटांबर काकूंनी सोफ्यामागे टाकलं, ओल्या केसांची बट कानामागे सारली आणि खिडकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“गाणं पहिल्यापासून लाव,” त्यांनी मॉनिटरला फर्मावलं. “आणि मधोमध मीच उभी राहणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.”